डावी आकडी

आप्पांच्या वहीत १९९६ सालच्या एका पानावर ओळ आहे: "दुनळी. डावी आकडी नवीन. रु. ३५०." वरच्या ओळीत मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी, खालच्या ओळीत विजेचं बिल. आप्पा गेल्यावर कागदपत्रं लावताना ही ओळ मी दोनदा तरी वाचली असेल. वाचली आणि पान उलटलं.

बंदूक मुळात तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची. बर्मिंगहॅमची बारा बोअरची दुनळी, बाहेर घोडे (म्हणजे काडतुसावर घाव घालणारे हातोडे) नसलेली. तात्यांनी ती जुनीच विकत घेतली होती, त्यामुळे तिचं खरं वय घरात कुणालाच माहीत नाही. मंद्रूपकडच्या शेतात रानडुकरं उठवायला तात्या बार काढायचे. आप्पांच्या हातात आल्यावर ती बहुतेक कपाटातच राहिली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पाटावर यायची. विळा, कोयता, पाना, मिक्सर, स्कूटर आणि दुनळी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. ही पूजा पुढे गोष्टीत परत येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

२०२२ मध्ये आप्पा गेले. ज्याच्या नावावर परवाना तो माणूस गेला की घरात बंदूक ठेवण्याचा अधिकारही संपतो. नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि मग वारस म्हणून माझ्या नावाने अर्ज केला. भाऊ पुण्यात, त्याला रस नाही. चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तू बँकेत नोकरी करणारी बाई, तुला कशाला बंदूक? भावजींच्या नावावर तरी कर." नियमात वारसांमध्ये जावईही बसतो, त्यामुळे कायद्याने तो चुकीचं बोलत नव्हता. पण बंदूक माझ्या बापाची होती.

अर्जाचं सविस्तर सांगत नाही. ऑनलाइन अर्ज, आई आणि भावाची संमतीपत्रं, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. नऊ महिने लागले. त्यातलं प्रशिक्षण तेवढं खरोखर उपयोगी पडलं, कारण तिथे एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवली होती. बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी नळीचं तोंड कुठे आहे हे आधी बघायचं. २०२३ च्या पावसाळ्यानंतर दुनळी घरी आली. आईने दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

चुलतभावाची लगेच सूचना, पोराच्या वरातीत एक बार होऊन जाऊ दे. त्याला सांगितलं की शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आहे, आनंदाच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो म्हणाला, "काय बे ताई, सोलापुरात कोण बघतंय?" मी म्हटलं, सगळं सोलापूर तुझ्या वरातीत असणार आहे, तेच बघतंय.

पण एकदा तरी ती चालवून बघायची होती हे खरं. म्हणून जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, बाहेरगावच्या एका शॉटगन रेंजवर वेळ घेतली. तिथल्या प्रशिक्षकांनी बंदूक हातात घेतली, मोडून नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, मिटली, परत मोडली. सेफ्टीचा खटका मागे सरकवून चाप दाबून पाहिला. चाप हलला नाही. "सेफ्टी चालते," ते म्हणाले. मलाही हायसं वाटलं. आम्ही दोघं किती चुकीच्या गोष्टीवर समाधानी होतो हे कळायला अजून अर्धा तास होता.

पहिल्यांदा एकच काडतूस, उजव्या नळीत. बार झाला, खांद्याला धक्का बसला, ठीक. मग एकच, डाव्या नळीत. ठीक. मग त्यांनी दोन्ही भरायला सांगितली आणि म्हणाले, "पुढचा चाप. एकदाच." मी पुढचा चाप, म्हणजे उजव्या नळीचा, ओढला.

आवाज एकच आला, पण तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. दस्त्याने खांद्यावर असा दणका दिला की मी दोन पावलं मागे गेले. कानावर मफ होते तरी कान सुन्न. नळीचं तोंड वर गेलं होतं, पण सुदैवाने मातीच्या बांधाकडेच होतं. प्रशिक्षकांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, मोडली, आणि दोन्ही नळ्यांतून दोन रिकामी टरफलं निघाली.

"दोन्ही चाप ओढलेत?"

"नाही. एकच."

"नक्की?"

नक्की होतं. माझं दुसरं बोट चापाजवळ नव्हतंच. उजव्या नळीच्या धक्क्याने डावी आपोआप सुटली होती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेली नाही. दोन्ही नळ्यांत खोटी काडतुसं घातली. पितळेची असतात, आत दारू नाही, छर्रे नाहीत, घोड्याचा घाव झेलायला मागे स्प्रिंगवरचं बटण. बंदूक मिटली, सेफ्टी लावली, तोंड जमिनीकडे करून दस्त्याच्या बुडाला तळहाताने दोन-तीन थापा मारल्या. तिसऱ्या थापेला आतून "टक" असा आवाज आला. डावा घोडा पडला होता. सेफ्टी लावलेली असताना, चापाला कुणी हात लावलेला नसताना.

"ही बंदूक तुमच्या शेतात खांद्याला अडकवून कुणी बांध उतरला असता," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी काडतुसांचा डबा बंद केला.

मला वाटत होतं सेफ्टी म्हणजे कुलूप. तसं नसतं, निदान माझ्या बंदुकीत नाही. आपल्याकडच्या जुन्या बिनघोड्याच्या दुनळ्यांतल्या बऱ्याच ज्या रचनेच्या आहेत, ती वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये पेटंट केली. नळ्या खाली मोडल्या की आतले घोडे आपोआप चढतात. चढलेला घोडा मागे अडकवून ठेवते ती एक छोटी पोलादी आकडी. तिला इंग्रजीत सिअर म्हणतात, आप्पा आकडी म्हणायचे, मीही तेच म्हणते. चाप ओढला की चाप आकडीला उचलतो, घोडा सुटतो. या रचनेत सेफ्टी फक्त चापाला अडवते. घोड्याला नाही, आकडीलाही नाही. आकडीची धार बोथट झाली की घोडा चापाला विचारायला थांबत नाही. काही महागड्या बंदुकांत घोडा मध्येच झेलायला दुसरी आकडी असते. तात्यांच्या बंदुकीत ती नाही.

पुण्यात एक परवानाधारक कारागीर आहेत, सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे बंदूक गाडीने नेली, म्यानात वेगळी, परवाना पर्समध्ये. नाक्यावर कुणी थांबवलं तर काय सांगायचं हे अडीचशे किलोमीटर मनात घोकत. कुणी थांबवलं नाही.

चाचांनी आधी आकडीकडे बघितलंच नाही. नळ्या काढल्या, एका दोरीने टांगल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. देवळातल्या लहान घंटेसारखा आवाज आला, लांबत गेला. "नळ्यांचा जोड पक्का आहे," म्हणाले. मग नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, भिंग धरून मला दाखवलं. मुकुट आणि त्याखाली अक्षरं, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची. ती संस्था १८१३ ची, तिथे प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या बाराने तपासून मगच शिक्का मारतात. शेजारी काडतुसाच्या लांबीचा आकडा, २½ इंच.

"काडतूस कोणतं घातलं?"

मी डबा दाखवला. ७० मिलिमीटर.

चाचांनी डोक्याला हात लावला. २½ इंची नळीला ६५ मिलिमीटरचं काडतूस लागतं. मी म्हटलं, पण ते आत व्यवस्थित बसलं की. ते म्हणाले, "बसणारच की बेटा. बंद काडतूस ६० च्या आत असतं. ७० ही लांबी बार झाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. उघडायला जागा कमी पडली की तोंड पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि आतला दाब वाढतो." थोडं थांबून म्हणाले, "बसलं म्हणजे जमलं असं नसतं."

म्हणजे त्या दिवशी रेंजवर मी एका चुकीच्या आकडीने दोन चुकीची काडतुसं एकाच वेळी उडवली होती. प्रशिक्षकांनीही नळीवरचा आकडा वाचला नव्हता, आणि बंदूक माझी असून मीही नाही.

मग चाचांनी बंदूक उघडली. खालची पट्टी काढली आणि आत बघून हसायलाच लागले. सगळं पिवळं. सत्तावीस वर्षांची हळद, तिला नारळाच्या पाण्याचा गंज, आणि एका कोपऱ्यात झेंडूची वाळलेली पाकळी. "पूजा बाहेरून करा," एवढंच म्हणाले. मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, देवाला काय बाहेरून आणि आतून?

डावी आणि उजवी, दोन्ही आकड्या त्यांनी पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला फरक दिसेना. लांबी तीच, वाक तोच, भोक तिथेच. उलट डावीच जास्त चकचकीत. चाचांनी एक बारीक कानस घेतली आणि माझ्या हातात दिली. "उजवीवर ओढा." मी बेताने ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडासुद्धा नाही. "आता डावीवर." कानस चावली. बारीक चांदीसारखा कीस फडक्यावर पडला. माझ्या बोटांना तो फरक कळला त्या क्षणाला मला १९९६ ची ओळ आठवली. रु. ३५०.

आप्पांनी ती आकडी कुठे करून घेतली असेल याचा अंदाज सोलापूरकराला सहज येईल. यंत्रमागाचा पार्ट तुटला तर तो घेऊन लेथवाल्याकडे जायचं आणि संध्याकाळी दुसरा घेऊन यायचं, ही आमच्या गावाची रीतच. कंपनी बंद पडलेली असो, माग चाळीस वर्षं जुना असो, कारागीर जुना पार्ट हातात फिरवतो आणि तसाच दुसरा काढून देतो. या कौशल्याचा मला आजही अभिमान आहे. आप्पांनी बंदुकीच्या बाबतीतही तेच केलं. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची खासगी आयात जवळपास थांबली, मग त्यांचे सुटे भाग कुठून येणार? लेथवाल्याने समोर ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल केली. त्याचं नाव वहीत नाही, आणि असतं तरी मी लिहिलं नसतं. चूक आमच्या घराची होती. शस्त्र कायद्यात नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, आणि बंदुकीचा सुटा भाग हाही शस्त्रातच मोडतो. आप्पांना हे माहीत नव्हतं की माहीत असून सोयीचं नव्हतं, ते आता विचारता येत नाही.

पण नक्कल हुबेहूब होती, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. चाचांनी भिंगाखाली दाखवलं. मूळ डावी आकडी झिजली म्हणून तर बदलायला दिली होती. लेथवाल्याने झिजलेल्या आकडीचं माप घेतलं आणि तिची झीजही तशीच्या तशी उतरवली. म्हणजे नवी आकडी जन्मतःच म्हातारी. घोड्याच्या खाचेत ती जेमतेम टोकाने टेकत होती. त्यात लोखंड मऊ. मूळ भागाला वरून कडकपणा दिलेला असतो, म्हणजे पृष्ठभाग झिजत नाही आणि आतला गाभा चिवट राहतो. ते डोळ्यांना दिसत नाही, कॅलिपरने मोजता येत नाही. पहिले पाचपन्नास बार ती नीट चालली असेल. आप्पांनी पाचपन्नास काढले नाहीत हेच नशीब.

मी विचारलं, मग तापवून पाण्यात बुडवली असती तर? चाचा म्हणाले, "तापवणं सोपं. किती तापवलं ते कळणं कठीण. कडक करायला गेलात आणि काचेसारखी झाली तर झिजणार नाही, तुटेल."

हे नंतर वाचताना पटलं. अमेरिकेच्या सरकारी स्प्रिंगफिल्ड कारखान्यातल्या १९०३ मॉडेलच्या रायफली जगात नावाजलेल्या, पण त्यांतल्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाच्या चालवू नयेत असं जाणकार आजही सांगतात. तिथले कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग नजरेने पारखत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे, म्हणून लोखंड गरजेपेक्षा जास्त तापे आणि ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही फुटल्या, तेव्हा प्रक्रिया बदलली. सरकारी कारखान्यात, मुरलेल्या हातांकडून, हे झालं. आमच्या आकडीला तर कुणी तापवलंच नव्हतं.

न्यू जर्सीतल्या मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एका दुकानाची लिंक पाठवली. जुन्या बंदुकांचे नवे भाग, फोटो सुंदर, किंमत फार नाही. "कुरिअर करू का?" मी चाचांना फोटो दाखवला. ते म्हणाले, पहिली गोष्ट, परवान्याशिवाय हे आयात करणं गुन्हा, पार्सल दारात यायच्या आधी पोलीस दारात. दुसरी गोष्ट, हे भाग मुद्दाम थोडे मोठे ठेवलेले असतात, प्रत्येक बंदुकीत घासून बसवायचे असतात. ज्याला वाटतं स्क्रू काढला, हा टाकला, स्क्रू लावला, त्याच्या हातात ते देऊच नयेत. जुन्या काळी प्रत्येक बंदूक एकेका कारागिराने जुळवलेली. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांची आकडी आपसांत चालेलच असं नाही. मग त्यांनी स्वतःच्या खणातून एक डबी काढून दाखवली. गिऱ्हाइकांच्या बंदुकांतून काढलेले नकली भाग. टोकाला फुललेले स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आपटणाऱ्या पिना, मऊ निघालेल्या पिना, एक स्प्रिंग मधोमध तुटलेली. एक स्ट्रायकर जरा जास्तच लांब होता. तो काडतुसाच्या टोपीला भोक पाडायचा आणि गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे यायचा. डबीवर मार्करने लिहिलं होतं, "ओरिजिनल".

दुरुस्तीला पाच आठवडे लागले. दोनदा मी उगाच फोन केला आणि दोनदा बोलणी खाल्ली. फेब्रुवारी संपता संपता गेले तेव्हा नवी आकडी बसलेली होती. चाचांनी माझ्याकडून कानस ओढवून घेतली. घसरली. मग चापाला स्प्रिंगकाटा अडकवून वजन दाखवलं. पुढचा चाप चार पौंडांच्या आतबाहेर, मागचा थोडा जड. पहिल्यांदा आणली तेव्हा मागचा दोन पौंडांवर सुटत होता, आणि तो हलका चाप घरात सगळ्यांना कौतुकाचा वाटायचा. "आप्पांची बंदूक कशी मऊ चालते," असं काका म्हणायचे. खोटी काडतुसं घालून, सेफ्टी काढून, दस्त्याच्या बुडाला रबरी हातोडीने थापा मारल्या. मी नकळत श्वास धरला होता. काही पडलं नाही.

बिल वहीतल्या आकड्याच्या बरंच पुढे गेलं होतं. मी ते त्याच वहीत, त्याच ओळीच्या शेजारी लिहिलं. आईने वाचलं आणि म्हणाली, एवढ्यात नवा मिक्सर आला असता. खरं आहे.

रेंजवर परत गेले, या वेळी ६५ ची काडतुसं घेऊन. आधी एकेक, मग दोन्ही. पुढचा चाप ओढला, एक बार झाला आणि मी तशीच उभी राहिले. दुसरी नळी भरलेली आणि गप्प. प्रशिक्षक म्हणाले, "ओढा की." मला त्या शांततेत जरा थांबायचं होतं.

मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करायची नोटीस आली. अक्कलकोटच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात जुनी हत्यारं निवांत भिंतीवर टांगलेली असतात. आमचीला दर निवडणुकीला पोलीस ठाण्याची वारी. टेबलामागच्या हवालदारांनी परवाना आणि क्रमांक ताडून पाहिला, "रिकामी आहे ना ताई?" असं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, योग्य तेच केलं, तोंड भिंतीकडे करून बंदूक मोडली. आणि दचकले. दोन्ही नळ्यांतून पितळेचे दोन गोल चमकत होते.

"अहो, भरलेलीय ही!"

मी दोन्ही बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मागचं बटण दाबून दाखवलं, स्प्रिंग कशी आत जाते ते. घोडे चढलेले राहिले तर वर्षानुवर्षांनी स्प्रिंगा मरतात, म्हणून यांच्यावर सोडून ठेवायचे, असं चाचांचं वाक्य त्यांना ऐकवलं. त्यांनी एक उचलून कानाजवळ हलवून पाहिलं. आत काहीच वाजलं नाही. मग पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि लिहिलं: "१२ बोअर दुनळी, १ नग. खोटी काडतुसे, २ नग." आणि "खोटी" या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.